हो आणि खो

मला एका जागी बसवत नाही. आत्ता एवढं लिहीपर्यंत दोनदा उठलो, अंगणात जाऊन आलो, कारण नसताना रांजणात डोकावून आलो. सून म्हणते, "मामंजी, तुमच्या बुडाखाली काय निखारे ठेवलेत का?" हे ती माझ्यासमोर उभी राहून, तोंड नीट उघडून म्हणते. पाठीमागून म्हणाली असती तर मला पत्ताही लागला नसता. मी ठार बहिरा आहे, वयाच्या सातव्या वर्षापासून.

भेटायला येणारे एकच विचारतात. खो-खोत सलग तीन हंगाम तुम्हाला कुणी बाद करू शकलं नव्हतं, हे खरं का? खरं आहे. भोर, सारोळे, वेल्हे, या सगळ्या पट्ट्यात तसं आधी कुणाचं झालं नव्हतं. आमच्या ड्रिल मास्तरांनी शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात ते लिहून भोवती चौकट काढली होती आणि खाली 'पुसू नये' असा शेरा मारला होता. चौथ्या हंगामात वेल्ह्याच्या एका काटक गड्याने मला खांबापाशी गाठलं, तेव्हा तोच इतका गांगरला की माझ्याच पाया पडला. पुढे भोर संस्थान विलीन होईतो खेळलो. ते सगळं ठीक आहे. पळणं मला कधी अवघड गेलं नाही. अवघड गेलं ते एक अक्षर. ते सांगायचं म्हणून तर बसलोय, आणि बसवत नाही!

आमचं घर भाटघरला. मी लहान असताना तिथे नव्या धरणाचं काम चाललं होतं आणि रोज सुरुंग उडायचे. वडील त्याच कामावर होते. सातव्या वर्षी मला ताप भरला, पंधरवडाभर उतरला नाही, आणि उतरला तो कान घेऊनच. भोरचे डॉक्टर म्हणाले, तापाने गेले. आईचं म्हणणं, सुरुंगाने. मरेपर्यंत तिने डॉक्टरांचं ऐकलं नाही. "ताप समद्यास्नी येतू. सुरुंग आमच्याच उशाला हुता," असं म्हणायची. तिने माझ्या कानात लसणाचं तेल इतकं ओतलं, की पोरं म्हणायची, ह्याच्याजवळ बसलं की भूक लागते.

कान गेले तरी जीभ होती. सात वर्षांचं जेवढं बोलणं तोंडात होतं तेवढं राहिलं, पण आपलंच आपल्याला ऐकू येईना तेव्हा शब्द झिजत गेले. सवयीच्या माणसांना माझं बोलणं कळायचं, नवख्याला नाही. दुसऱ्याचं मी ओठांवरून वाचायला शिकलो. आईचं सगळं कळायचं. मिशीवाल्यांचं निम्मं.

बरीच वर्षं घरीच गेली, वडिलांनी पाटीवर अक्षरं तेवढी शिकवली. चौदा वर्षांचा घोडा झाल्यावर मला भोरच्या शाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात गणिताच्या मास्तरांनी मला मागून हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. मी आपला खिडकीतून बघतोय. त्यांना वाटलं, पोरगं माजलंय. छडी घेऊन धावले. मी मान वळवली तर मास्तर अंगावर! मी पडवीत पळालो. पडवीला लाकडी खांब होते. मास्तर डावीकडून आले की मी उजवीकडे, ते उजवीकडून आले की मी डावीकडे. अख्खी मधली सुट्टी मी त्यांना हात लावू दिला नाही. शेवटी ते धोतर सावरत खाली बसले. समोर ड्रिल मास्तर पोट धरून हसत उभे होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला तसंच मैदानावर नेऊन सोडलं. माझी कारकीर्द म्हणतात ती ही अशी सुरू झाली, एका गैरसमजातून.

आणि दुसरा गैरसमज तिथेच सुरू झाला. तो माझा.

खो-खो मी बघून शिकलो. दोन खांबांच्या मधल्या रेषेवर आखलेल्या चौकांत आठ गडी उकिडवे बसतात, एकाचं तोंड इकडे तर पुढच्याचं तिकडे. नववा पाठलाग करतो. पळणारा निसटून पलीकडे गेला की पाठलाग करणारा बसलेल्या एखाद्याच्या पाठीवर मागून थाप मारतो, तोंडाने काहीतरी म्हणतो, आणि ज्याला थाप बसली तो उठून पुढे पळतो. म्हणतो ते काय? मी ओठ बघितले. ओठ गोल होतात आणि हवा बाहेर पडते. म्हटलं, 'हो' म्हणत असणार. अगदी बरोबर बसत होतं. आमच्याकडे पुढे सरक म्हणायचं तर 'म्होरं हो' म्हणतात. पाठीवर थाप मारायची आणि म्हणायचं, हो! म्हणजे ऊठ, म्होरं हो, आता तुझी पाळी.

वाचणारे आता हसतील. हसा. पण आरशासमोर उभं राहून को, खो, गो, हो म्हणून बघा आणि ओठांत फरक दिसला तर मला येऊन सांगा. ही अक्षरं घशात होतात, आणि दुसऱ्याच्या घशात कुणाला डोकावता येतं? कुणी म्हणेल, खेळाचं नाव तर नोटिशीवर वाचलं असशील. वाचलं होतं की. पण आट्यापाट्या खेळताना कुणी 'आट्यापाट्या' असं ओरडतं का? विटीदांडूत 'विटीदांडू' म्हणतात का? मग खो-खोत खो म्हणतात हे मला कसं सुचावं? मी हो म्हणत राहिलो. गडी उठत राहिले. मैदानावर इतका गलका असायचा म्हणे, आणि पंच आमचे ड्रिल मास्तरच.

पळतीत मला कानांचं ओझंच नव्हतं. कान असलेला गडी मागे आवाज झाला की दचकतो. बसलेले गडी उगाच ओरडून त्याला फसवतात. मला कोण फसवणार? मी बसलेल्यांचे पाय बघायचो. ज्याला उठायचं असतं तो आधी पायाची बोटं मातीत रोवतो. एवढं दिसलं की मी पलीकडे. लोक मला बहिरी ससाणा म्हणू लागले. तो पक्षी बहिरा नसतो, नावच तसं आहे, पण लोकांना चिडवायला निमित्त हवं असतं. मलाही ते नाव आवडायचं, खोटं कशाला बोलू.

बसणं मात्र माझा जीव घ्यायचं. बाकीचे बसल्याबसल्या ऐकत असतात, कोण कुठून येतंय, किती जवळ आलंय. मला काहीच नाही. तोंड भलतीकडे, आणि सगळा जीव पाठीत. थाप आत्ता पडेल, आता पडेल, पडलीच, नाही पडली. वेल्ह्याला मैदानालगत शेळ्या चरायच्या. एक शेळी आली आणि माझ्या पाठीला नाक लावून गेली. मी उठलो आणि सुटलो तीरासारखा! फाऊल. तोरण्यापर्यंत हशा गेला असेल. आमचा कप्तान तर हसून हसून रेषेवरच आडवा झाला.

हा कप्तान माझा जिवलग. भोरमधल्या कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा, गोरा, चष्मेवाला, माझ्याच बाकावरचा. माझ्याशी बोलताना तो कधी घाई करायचा नाही आणि कधी ओरडायचाही नाही. कळलं नाही तर खाली बसून बोटाने धुळीत लिहायचा. पंचाने शिट्टी वाजवली की तो हात वर करायचा, म्हणजे मला थांबायचं कळे. मैदानावर माझे कान तोच होता, म्हटलं तरी चालेल. म्हणून तर पुढे इतकं लागलं.

दुसरा हंगाम संपत आला आणि आम्हाला पुण्याच्या सामन्यांचं बोलावणं आलं. नऊ गडी आणि ड्रिल मास्तर, सर्व्हिस मोटारीने निघालो. पुण्याच्या मैदानावर खरा चुना मारलेला! पहिल्यांदा आमची पळती होती. अख्खा डाव मी नाबाद राहिलो. लोक टोप्या उडवत होते, ते मला दिसत होतं. मी मनात म्हटलं, बघा, भाटघरचं पाणी बघा.

मग आमचा पाठलाग आला. मी एकाच्या पाठीवर थाप मारली, हो म्हटलं आणि थांबलो. तो उठला. पण कप्तानाचा हात वर. फाऊल. का? परत तेच. थाप, हो, हात वर. पंच पुण्याचे, पांढऱ्या टोपीचे, हाडाचे काटेकोर. चौथ्या वेळी ते माझ्यासमोर येऊन काहीतरी बोलले. त्यांना झुबकेदार मिशा. मला एक अक्षर कळलं नाही. माझं डोकं फिरलं. मी ओरडून विचारलं, काय केलं मी? माझं ओरडणं बाहेर कसं पडतं ते मला माहीत नाही, पण समोरचा अख्खा संघ हसायला लागला आणि मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. ड्रिल मास्तरांनी मला कंबरेला धरून बाहेर काढलं. सामना आम्ही हरलो.

परतीच्या मोटारीत कप्तान माझ्या शेजारी बसला आणि त्याने तोंड खिडकीकडे केलं. सारोळ्याचा फाटा येईतो तो वळला नाही. बहिऱ्याशी बोलणं बंद करायला तोंड मिटावं लागत नाही, फिरवलं की झालं. मी त्याचा खांदा हलवला. त्याने खांदा काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर त्याने धुळीत लिहिलं : तुला संघात घेत नाही.

"का?"

तू खो म्हणत नाहीस.

"म्हणतो की!"

त्याने मान हलवली आणि हळूहळू दोन अक्षरं काढली, एकीकडे एक आणि दुसरीकडे एक. खो. हो. पहिल्यावर बोट ठेवून स्वतःच्या, आणि सगळ्या जगाच्या, तोंडाकडे खूण केली. दुसऱ्यावर बोट ठेवून माझ्या.

पायाखालून जमीन सरकते म्हणतात, ते खरं असतं. मग विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांना." हे त्याच्या ओठांवर वाचलं.

"सांगितलं का नाही?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

हे वाक्य मला अजून सहन होत नाही. दोन वर्षं हे सगळे माझ्या चुकीच्या शब्दावर मुकाट उठत होते, आणि मी समजत होतो मी त्यांच्यातला एक आहे. मी त्यांच्यातला नव्हतोच. मला सांभाळून घेत होते! म्हातारीला रस्ता ओलांडून देतात तसे. मी पायाने ती अक्षरं पुसली, कप्तानाची गचांडी धरली आणि त्याला ढकलून दिलं. त्याचा चष्मा पडून एक काच तडकली. मी तो उचलूनही दिला नाही. तसाच भाटघरची वाट धरली, आणि त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

घरी आई चुलीपुढे होती. मी तिला म्हटलं, "मला खो म्हणायला शिकव."

तिला आधी कळेना. मी कोळशाने भिंतीवर काढून दाखवलं, पण तिला अक्षरओळख कुठली? मग मी पाठीवर थाप मारायचा अभिनय केला, तोंड गोल केलं. तेव्हा ती म्हणाली, "आत्ता गं बया! खो व्हय?" तिच्या ओठांवर ते पुन्हा हो सारखंच दिसलं. हीच तर पंचाईत होती.

पहिले दोन-तीन दिवस तिने माझा हात स्वतःच्या गळ्याला लावून म्हणून दाखवलं. मग माझा गळा धरून मला म्हणायला लावलं. मी म्हणायचो, ती मान हलवायची. न्हाई. न्हाई. न्हाई. मी भांडी आपटायचो, उठून बाहेर जायचो, परत यायचो. ती म्हणायची, "आरं, दम धर. एका दिसात भात पिकतू का?" मी म्हणायचो, मला शिकवू नकोस. आणि परत तिच्यासमोर बसायचो.

मग एकदा तिने तव्यावर सुक्या मिरच्या भाजायला टाकल्या. घरभर खाट सुटला. मला ठसका लागला, तिलाही लागला, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. आणि एकाएकी तिने पुढे होऊन माझा गळा धरला आणि हाताने हेच, हेच, असं करू लागली. मला वाटलं, बाई खुळी झाली. ती म्हणाली, "खोकला! खोकल्यातला आर्धा तोड!"

खोकला. तो शब्द मला आठवत होता. कान होते तेव्हाचा. आणि खोकायला काही मी विसरलो नव्हतो, बहिरा माणूस खोकतो तो चारचौघांसारखाच. खोकताना घशात मागे काहीतरी बंद होतं आणि धाडकन उघडतं. ते बंद होणं 'हो'मध्ये नसतं. मी खोकलो, मध्येच तोडला, ओठ गोल केले. आईने एक बोट वर केलं. म्हणजे बरोबर.

त्यानंतर आमच्या घरी किती मिरच्या जळाल्या याला गणती नाही. शेजारीण येऊन आईला विचारून गेली, "कुनाची दृष्ट काढतायसा रोज?" आई म्हणाली, "लेकाची." पुढे मिरच्यांची गरज उरली नाही. मी जलाशयाच्या काठाने चालत जाऊन खो, खो म्हणत बसायचो. बसायचो कसला, फिरायचो. संध्याकाळी आईसमोर परीक्षा. शंभरदा म्हटलं तर शंभरदा ती बोट वर करायची.

आणि तिथेच मनात किडा शिरला. शंभरदा? एकदाही चुकलं नाही? ही तर आई. लेकरासाठी आई काय खोटं बोलत नाही? मैदानावरच्या सगळ्यांनी मला वाईट वाटू नये म्हणून दोन वर्षं सांभाळून घेतलं, मग हिने तर जन्मभर सांभाळलं असतं. कुणाला विचारणार? ज्याला विचारलं असतं त्याचा चष्मा मी फोडला होता. मला झोप लागेना, जेवण जाईना. आपल्या तोंडून काय बाहेर पडतंय हे जगातल्या सगळ्यांना कळतं, आपल्यालाच तेवढं नाही, ह्या विचाराने मी उठायचो आणि परत धरणाकडे चालू लागायचो.

तिसरा हंगाम उजाडला. मास्तरांच्या शब्दाखातर मला लहानसहान सामन्यांना नेत, पळतीपुरतं पळवत, आणि पाठलागात मला कुणी खो देत नसे. कप्तान समोर आला की मी तोंड फिरवायचो. त्याच्याकडूनच शिकलो होतो. हंगामाच्या शेवटी पुण्याचा संघ भोरला येणार असं ठरलं, पंच तेच झुबकेदार मिशांचे. नऊ जणांच्या यादीत माझं नाव नव्हतं. फळ्यावर चौकटीत होतं, यादीत नव्हतं. पण सामन्याच्या आदल्या दिवशी एक गडी हिवतापाने अंथरुणाला खिळला आणि ड्रिल मास्तर स्वतः सायकल मारत भाटघरला आले.

"येतोस?" त्यांनी विचारलं. "खो म्हणता येतं का आता?"

मी म्हणून दाखवायला हवं होतं. साधी गोष्ट. एकदा म्हटलं असतं तर सगळं निराळं झालं असतं. पण माझ्या अंगात तेव्हा रग होती. यांनी मला दोन वर्षं सांगितलं नाही, मी यांना एक दिवस आधी का सांगू? मी म्हटलं, "मैदानावर बघा."

भोरच्या मैदानावर त्या दिवशी अख्खं गाव लोटलं होतं. पळतीत मला कुणी हात लावला नाही, ते सोडा. मग आमचा पाठलाग. कप्तानाने मला कडेच्या चौकात बसवलं आणि स्वतः माझ्यापासून दोन चौक सोडून बसला. डाव सुरू झाला आणि माझ्या ध्यानात आलं की यांचं ठरलेलं आहे. मला खो द्यायचाच नाही. सावल्या माझ्या मागून जात होत्या, माती उडत होती, शेजारचा उठत होता, पलीकडचा उठत होता, आणि माझी पाठ तशीच. मी पायाची बोटं मातीत रोवून बसलो होतो. ऊठ आणि चालता हो, असं सारखं मनात येत होतं. उठलो असतो तर पुन्हा फाऊल, पुन्हा हशा. इतका वेळ मी जन्मात कधी बसलेलो नाही.

डाव संपायला थोडाच अवधी राहिला होता. पुण्याचा शेवटचा गडी मैदानात होता. तो मिळाला असता तर बरोबरी होती. तो माझ्या बाजूच्या खांबाला वळसा घालून आला, आमचा पाठलाग करणारा चुकून पुढे गेला आणि त्याच्यापुढे माझ्याशिवाय दुसरी पाठ राहिली नाही. थाप पडली.

मी उठलो. तीन ढांगांत त्या गड्याला गाठत आणलं. तो रेषेतून पलीकडे निसटला, आणि निसटला तो बरोबर कप्तानाच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर. कप्तानाने नुसता उठून हात लांब केला असता तरी गडी बाद होता. मी कप्तानाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "खो!"

तो उठला नाही.

त्याने मान वळवून मागे बघितलं. डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढाच वेळ. मग उठला, झेपावला, पण समोरचा गडी कधीच लांब गेला होता. दोन-चार क्षणांत डाव संपला. पंचांनी हात वर केला. एका गड्याने आम्ही हरलो.

मी पंचांकडे बघितलं. शिट्टी त्यांच्या छातीवर लोंबत होती. माझ्या खोला त्यांनी ती तोंडाशी नेली नव्हती. मग कप्तान आला. मी मुठी आवळून उभा होतो, म्हटलं आता हा बोलला तर दुसरी काच. त्याने माझे दोन्ही खांदे धरले. त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता.

"तू होतास?" तो म्हणाला.

"मग कोण?"

"थाप कळली रे. पण आवाज... मला वाटलं त्यांच्यातलाच कुणी बाहेरून ओरडून फसवतोय. तुझा हो येईल म्हणून थांबलो." तो इतकं सावकाश बोलत होता की आंधळ्यालाही ओठ वाचता आले असते. "तुझा आवाज मी ओळखलाच नाही."

मग त्याने दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले आणि सगळ्या मैदानादेखत माझ्यापुढे उभा राहिला. मला हसू फुटलं. म्हटलं, "अरे, कान कसले धरतोस? असलेले तरी वापर." तो रडत होता आणि मी हसत होतो, आणि ड्रिल मास्तर आम्हा दोघांना शिव्या देत होते. त्या मात्र मला सगळ्या कळल्या. दोष माझाच होता. एक दिवस आधी तोंड उघडलं असतं तर सामना निदान बरोबरीत सुटला असता. पण खरं सांगतो, त्या संध्याकाळी मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. आज वाटतं. त्या दिवशी नाही.

भाटघरची वाट मी पळतच कापली. ऊन अजून धरणाच्या भिंतीवर होतं. आई अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. माझं तोंड बघून म्हणाली, "जितलासा?"

मी मान हलवली. न्हाई.

"मंग दात काढाया काय झालं?"

मी सगळं सांगितलं. पंचांची शिट्टी, थाप, कप्तानाचं थांबणं. मग तिने सूप बाजूला ठेवलं, हात झटकले, लुगडं पायांशी आवरून घेतलं आणि अंगणाच्या मधोमध माझ्याकडे पाठ करून उकिडवी बसली. बसण्याआधी एकदाच वळून म्हणाली, "त्यांनी समद्यांनी पाठ करून ऐकलं. म्या आपली तोंडाम्होरं. मलाबी दे की एक खो."

मी तिच्या मागे गेलो. हात उचलला. आणि मला एकदम सुचलं की आता हिला माझं तोंड दिसत नाही. बोट वर करून हिला माझं समाधान करता यायचं नाही. थाप मारली तर ही थापेनेच उठेल, तिचे गुडघे कितीही दुखत असले तरी उठेल. मी हात खाली घेतला. दोन पावलं मागे सरलो, चांगली लांब, सावलीही तिच्यावर पडणार नाही इतका.

पाठीला हात न लावता मी म्हणालो, "खो."

आई उठली.